भाडेकरू म्हणतोय, पोटभाडेकरू ठेवू का? त्याला काय सांगू?

प्रश्न : माझ्या मालकीचं एक जास्तीचं घर आहे, दोन खोल्यांचं. ते भाड्याने दिलंय आणि त्या भाड्यावर माझं बरंच काही अवलंबून आहे. तीन वर्षं एकच भाडेकरू आहे. भाडं वेळेवर, घर नीटनेटकं, तक्रारीला जागा नाही. करार अजून वर्षभराचा आहे. आता त्याला ऑफिसने आठ महिन्यांसाठी दुसऱ्या शहरात पाठवायचं ठरवलंय. तेवढ्या काळात ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला पोटभाडेकरू म्हणून राहू द्याल का, असं त्याने विचारलंय. भाडं नेहमीसारखं तोच पाठवेल. आमच्या करारात 'मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवता येणार नाही' एवढं एकच वाक्य आहे. भाऊ म्हणतो, सरळ नाही म्हण, ओसरी दिली की लोक पाय पसरतात. शेजारच्या काकू म्हणतात, येणारा मुलगा एकटा आहे, नसती जोखीम कशाला? मला मात्र चांगला भाडेकरू गमवायचा नाही. काय करू?
– एक घरमालकीण

उत्तर :

ताई,

परवानगी द्या. मात्र ती या एका माणसापुरती द्या, शेवटची तारीख घालून द्या आणि कागदावर द्या. तुमच्या भावाची भीती खोटी नाही, म्हणून आधी तिच्याकडे बघू.

पोटभाडेकरू आला की तुमच्या घरात अशी व्यक्ती राहायला येते, जिच्याशी तुमचा थेट करार नसतो. तुमचा करार मूळ भाडेकरूशी आणि त्याचा करार पोटभाडेकरूशी. भाडं थकलं तर साधारणपणे तुम्हाला ते पोटभाडेकरूकडे मागता येत नाही, आणि घर सोड हेही त्याला मूळ भाडेकरूनेच सांगायचं असतं. हा मधला माणूस गायब झाला की खरी पंचाईत होते. आत राहणारा म्हणतो, मी दर महिन्याला पैसे भरले. तुम्ही म्हणता, माझ्यापर्यंत आले नाहीत. दोघंही खरं बोलत असतात. अशा भांडणांची पत्रं मला येतात आणि ती भांडणं सहजी सुटत नाहीत, कारण घोळ घालणारा समोर नसतो.

पण 'नाही' म्हटल्याने ही जोखीम टळते का? जरा भाडेकरूच्या बाजूने विचार करून बघा. आठ महिने दोन घरांचं भाडं भरणं फार थोड्यांना परवडतं. तेव्हा एक तर तो घर सोडेल. मग तुमच्या नशिबी नवा भाडेकरू शोधणं, मधले रिकामे महिने, रंगरंगोटी, आणि नवा माणूस कसा निघतोय याची तीच धाकधूक. नाही तर तो मान डोलावेल आणि सहकाऱ्याच्या हातात किल्ली देऊन निघून जाईल. 'मित्र काही दिवस राहायला आलाय' असं सांगून लोक वर्ष-वर्ष काढतात. म्हणजे अनोळखी माणूस घरात राहतोच, फक्त त्याचं नाव, फोन, ओळखपत्र यातलं काहीच तुमच्याकडे नसतं. तुमच्या भाडेकरूने आधी येऊन विचारलं, याची मला फार किंमत वाटते. उघडपणे विचारणाऱ्याला आपण कारण न सांगता उडवून लावलं, तर पुढच्या वेळी तो विचारायला येणार नाही.

कायदे देशोदेशी वेगळे आहेत, पण ते वाचताना एक गोष्ट लक्षात येते. या प्रश्नाला सरसकट हो किंवा सरसकट नाही असं उत्तर फारसं कोणी दिलेलं नाही. भारतातला 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा भाडेपट्ट्याने घेणाऱ्याला, करारात उलट काही लिहिलेलं नसेल तर, पोटभाड्याने द्यायची मुभा देतो. पण मालकाप्रती त्याची जबाबदारी तशीच राहते. केंद्र सरकारने राज्यांसाठी नमुना म्हणून केलेल्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात पोटभाड्यासाठी मालक आणि भाडेकरू यांच्यात पुरवणी करार व्हावा असं म्हटलंय. जर्मनीच्या नागरी संहितेत 540 वं कलम मालकाची परवानगी लागेल असं सांगतं, आणि 553 वं कलम सांगतं की करारानंतर भाडेकरूला रास्त गरज निर्माण झाली, तर घराचा काही भाग दुसऱ्याला द्यायची परवानगी तो हक्काने मागू शकतो. येणाऱ्या माणसाविषयी गंभीर कारण असेल, घरात गर्दी होणार असेल किंवा अशाच एखाद्या कारणाने ते मालकावर लादणं रास्त नसेल, तरच त्याला नकार देता येतो. न्यूयॉर्क राज्यात चार किंवा अधिक घरांच्या इमारतीतला भाडेकरू रीतसर अर्ज करू शकतो आणि मालकाला रास्त कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही. तिथे 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, तर ती संमती धरली जाते.

हे शेवटचं नीट वाचा, ताई. गप्प राहणं हेही काही ठिकाणी उत्तर ठरतं. तुमच्या गावचा कायदा काय म्हणतो ते स्थानिक वकिलाकडून एकदा तपासून घ्या, आणि हो म्हणा वा नाही, भाडेकरूला लेखी कळवा.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. तो परत येणार आहे का?

पोटभाडं हे परत येणाऱ्या माणसासाठी असतं. तुमच्या भाडेकरूला स्पष्ट विचारा: सामान इथेच ठेवणार की नेणार? आठ महिने हा आकडा ऑफिसच्या पत्रात आहे की त्याचा स्वतःचा अंदाज आहे? तिकडची नेमणूक लांबली तर काय करणार? कपाट, गादी, पुस्तकं इथेच राहणार आहेत आणि ऑफिसचं पत्र तो दाखवतोय, तर पोटभाडं ही योग्य वाट आहे. पण 'बघू, जमलं तर येईन' असं उत्तर आलं, तर पोटभाड्याच्या भानगडीत पडू नका. त्याचा करार रीतसर संपवा, अनामत परत करा आणि त्या सहकाऱ्याशी स्वतः नवा करार करा, तुमच्या नेहमीच्या चौकशीसकट. परत न येणारा मूळ भाडेकरू मध्ये ठेवण्यात तुमचा काही फायदा नाही. तो हळूहळू नावापुरता उरतो, त्याचा नंबर बदलतो, आणि पुढची दोन-तीन वर्षं तुमच्या घरात कोण राहतंय हे तिसरंच कुणी ठरवू लागतं.

तारखेबद्दलही एक बारकी गोष्ट. पोटभाड्याची मुदत मूळ कराराच्या आधी संपली पाहिजे. इंग्लिश कायद्याच्या परंपरेत भाडेकरूने उरलेली सगळीच्या सगळी मुदत दुसऱ्याला देऊन टाकली, तर ते पोटभाडं न राहता कराराचं हस्तांतरण मानलं जातं, मग कागदावर नाव काहीही असो. तुमचा करार वर्षभराचा उरलाय आणि गरज आठ महिन्यांची आहे, तेव्हा मधले चार महिने हाताशी आहेत. ते तसेच राहू द्या. आठ महिन्यांनी 'अजून थोडं वाढवा' अशी विनंती आली तर नव्याने विचार करायचा, नवा कागद करायचा. आपोआप वाढणारी परवानगी देऊ नका.

पैशांचं बोलू. भाडं भाडेकरूच पाठवणार म्हणतोय, ही पद्धत मोडू नका. सोयीचं वाटलं तरी पोटभाडेकरूकडून थेट पैसे घेऊन त्याच्या नावाने पावती देऊ नका, कारण पुढे वाद झाला तर तुम्ही त्यालाच भाडेकरू म्हणून स्वीकारलंत असं तो म्हणू शकतो आणि न्यायालयं अशा वेळी कागदाइतकंच दोघांचं वागणंही बघतात. अनामतीचंही तसंच. मूळ भाडेकरूची अनामत तुमच्याकडे राहू द्या. पोटभाडेकरूकडून घ्यायची असेल तर ती मूळ भाडेकरूने घ्यावी, त्यानेच परत करावी. एक करा, भाडं ठरल्या तारखेनंतर आठवडाभरात आलं नाही तर तुम्ही दोघांनाही कळवाल असं आधीच सांगून ठेवा. आत राहणारा प्रामाणिकपणे पैसे भरत असेल आणि मधल्यामध्ये अडकत असतील, तर ते त्याला पहिल्याच महिन्यात कळलं पाहिजे.

तो सहकाऱ्याकडून किती भाडं घेणार, हेही विचारा. हा प्रश्न आगाऊपणाचा नाही. तुम्हाला देतो तेवढंच घेत असेल, किंवा स्वतःचं फर्निचर वापरायला देतोय म्हणून थोडं वर घेत असेल, तर हरकत नाही. न्यूयॉर्कमध्ये भाडं-नियमनाखालच्या घरांसाठी फर्निचरसकट दिल्यास 10 टक्क्यांपर्यंतच जादा घेता येतं. एक अंदाज म्हणून हा आकडा मला बरा वाटतो. त्यापेक्षा जास्त फरक दिसला की समजा, इथे गरज संपून धंदा सुरू झालाय. फरकावर कमाई होऊ लागली की एकाच्या जागी दोन, दोनाच्या जागी चार माणसं ठेवण्याचा मोह होतो. घराची झीज तुमची, पैसे त्याचे.

एका पत्रात आलेली हकिकत सांगते. त्या मालकांनी तोंडी परवानगी दिली होती, भाडं बिनचूक येत होतं, माणूस चांगला होता. स्वयंपाकघरातल्या बेसिनखालचा पाइप ठिबकू लागला. पोटभाडेकरूने खाली बादली ठेवली आणि मूळ भाडेकरूला फोटो पाठवला. तो दुसऱ्या देशात होता, कामात होता. 'सांगतो मालकांना' म्हणाला आणि विसरला. पोटभाडेकरू रोज सकाळी इमानेइतबारे बादली ओतत राहिला. मालकांना कळलं ते खालच्या मजल्यावरच्यांनी छताचा फुगलेला रंग दाखवायला बोलावलं तेव्हा. कपाटाची तळफळी कुजून हाताने तुटत होती. आता नुकसानभरपाई कोणी द्यायची? पोटभाडेकरू म्हणे मी कळवलं होतं, आणि खरंच कळवलं होतं. मूळ भाडेकरू म्हणे मी तिथे नव्हतो.

यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. फोन नंबर नव्हता एवढंच. म्हणून पैशांची वाट मूळ भाडेकरूमार्फत ठेवा, पण दुरुस्तीची वाट थेट तुमच्यापर्यंत उघडा. गळती, वीज, कुलूप, आग, पाणी यातलं काही असलं तर पोटभाडेकरूने त्याच दिवशी तुम्हालाच फोन करायचा आणि मूळ भाडेकरूला कळवायचं, हे तिघांच्या समोर ठरू द्या. आणि नुकसान झालंच तर जबाबदार मूळ भाडेकरू, हेही. जर्मनीच्या त्या 540 व्या कलमाचं दुसरं पोटकलम हेच सांगतं: मालकाने परवानगी दिली असली तरी पोटभाडेकरूच्या चुकीला मूळ भाडेकरूच जबाबदार. तुमच्या भाडेकरूला हे ऐकून वाईट वाटलं तर वाटू द्या. जो माणूस सहकाऱ्याची हमी घ्यायला तयार नाही, त्याने तो सहकारी तुमच्या घरात आणू नये.

तो जायच्या आधी तिघं मिळून एकदा घर बघा आणि फोनवर फोटो काढा. भिंतींचे कोपरे, बेसिनखालचा पाइप, खिडक्यांच्या कड्या, नळांची तोंडं, मीटरचा आकडा. आठ महिन्यांनी तो परतला की पुन्हा हेच फोटो. नाही तर शेवटी अनामतीतून कापाकापी करताना कोणता ओरखडा कोणाचा यावर तुमच्या चांगल्या भाडेकरूशीच तुमचं बिनसेल.

आता काकूंचा मुद्दा, येणारा मुलगा एकटा आहे. ताई, यात जोखीम काय आहे हे मला खरंच कळत नाही. तुमचा तीन वर्षांचा चांगला भाडेकरू आला तेव्हा तुम्ही त्याची नोकरी बघितली असेल, ओळखपत्र बघितलं असेल, आधीच्या मालकाशी बोलला असाल. हाच मापदंड याला लावा. त्याला भेटा, पगाराची पावती मागा, आधी जिथे राहत होता तिथे फोन करा. भाडं परवडत नसेल, एकट्यासाठी घर मागून पाच जण राहणार असतील, घरातून व्यवसाय चालवणार असेल, आधीचं घर वाईट रीतीने सोडलेलं असेल, तर नकार द्यायला ती पुरेशी कारणं आहेत. लग्न झालेलं नाही, धर्म वेगळा, आडनाव वेगळं, ही कारणं नाहीत. डोक्यावर छप्पर मागणाऱ्याला अशा कारणांसाठी परत पाठवणं मला मान्य नाही, आणि अनेक देशांत ते बेकायदाही आहे. नकार द्यायचाच झाला तर तो या विशिष्ट माणसाबद्दलच्या खऱ्या कारणाने द्या आणि भाडेकरूला दुसरं नाव सुचवायची संधी द्या.

काही गोष्टी पटकन. घरावर कर्ज असेल तर बँकेच्या अटी वाचा. काही कर्जांत भाड्याने देण्याविषयी अटी असतात. विमा असेल तर घरात राहणारी व्यक्ती बदलतेय हे विमा कंपनीला लेखी कळवा, नाही तर ऐन वेळी दावा नाकारायला त्यांना निमित्त मिळतं. इमारतीचे काही नियम असतील, किंवा राहणाऱ्याची कुठे नोंद करावी लागत असेल, तर ती येणाऱ्याच्या नावाने करून घ्या. मूळ कराराची एक प्रत पोटभाडेकरूला वाचायला द्या, कारण मूळ भाडेकरू स्वतःकडे असलेल्या हक्कांपेक्षा जास्त हक्क पुढे देऊ शकत नाही. तुमच्या करारात घरात धूम्रपान नको असेल, तर ते त्यालाही लागू आहे, आणि ते त्याला राहायला यायच्या आधी कळावं.

दोन प्रकारच्या पोटभाड्याला मात्र मी कधीच हो म्हणणार नाही, आणि तुम्हीही म्हणू नका. एक म्हणजे पर्यटकांना रोजच्या दराने देणं. एअरबीएनबीसारख्या संकेतस्थळांमुळे ते सोपं झालंय, पण तिथे राहायला येणारा दर तीन दिवसांनी बदलतो आणि त्यातल्या कोणालाच तुम्ही भेटत नाही. शहरंही आता याविरुद्ध कडक झाली आहेत. न्यूयॉर्क शहरात सप्टेंबर 2023 पासून 30 दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचं तर नोंदणी लागते आणि यजमानाला त्याच घरात राहावं लागतं. बार्सिलोनाच्या महापौरांनी 2028 च्या अखेरीपर्यंत पर्यटक-सदनिकांचे परवाने बंद करण्याची घोषणा 2024 मध्ये केली. नियम मोडला तर नोटीस भाडेकरूच्या आधी मालकाच्या दारात येऊ शकते.

दुसरा प्रकार, 'आम्ही तुम्हाला हमखास भाडं देतो, आत कोणाला ठेवायचं ते आमच्यावर सोडा' म्हणणाऱ्या कंपन्या. यात मालकाइतकीच मला आत राहणाऱ्यांची काळजी वाटते. 2023 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं. मालकाने घर एका कंपनीला दिलं होतं, कंपनीने त्यातल्या खोल्या भाड्याने दिल्या होत्या. आवश्यक परवान्याशिवाय खोल्या दिल्याबद्दल भरलेलं भाडं परत मिळावं, असं तिथल्या भाडेकरूंचं म्हणणं होतं. न्यायालयाने ठरवलं की तेव्हाच्या कायद्यानुसार तसा आदेश फक्त त्यांच्या थेट घरमालकाविरुद्ध, म्हणजे मधल्या कंपनीविरुद्धच निघू शकत होता. वरच्या मालकाविरुद्ध नाही. अशी मधली कंपनी गाशा गुंडाळून गेली, तर राहणाऱ्यांनी दाद कोणाकडे मागायची? आपल्या घरात लोकांची ही गत होऊ नये असं वाटत असेल, तर हमखास भाड्याच्या आमिषाला बळी पडू नका.

तुमच्या प्रकरणात यातलं काही नाही. एक ओळखीचा माणूस, एक नाव, एक तारीख. तेव्हा या आठवड्यात तिघं भेटा, ऑफिसचं पत्र बघा, आणि पुढच्यासारखा कागद करा. मोकळ्या जागा भरा, स्थानिक वकिलाच्या नजरेखालून घाला आणि मुद्रांक किंवा नोंदणी लागत असेल तर ती करा:

'मी, घराची मालक, माझे भाडेकरू ______ यांना हे घर ______ या एकाच व्यक्तीला ______ ते ______ या काळासाठी पोटभाड्याने देण्याची परवानगी देते. ही परवानगी दुसऱ्या व्यक्तीला किंवा पुढील काळाला लागू नाही. मूळ करार आणि त्यातील सर्व अटी कायम आहेत. भाडे, घराची काळजी व नुकसानभरपाई यांची जबाबदारी मूळ भाडेकरूची राहील. पोटभाडेकरूने आणखी कोणाला पोटभाड्याने अथवा पर्यटकांना रोजच्या भाड्याने ठेवू नये. दुरुस्तीची किंवा तातडीची बाब पोटभाडेकरूने त्याच दिवशी मालकाला फोनवर कळवावी. भाडे ______ तारखेपर्यंत न आल्यास मालक दोघांनाही लेखी कळवतील. मूळ करार संपला किंवा संपवला गेला तर पोटभाडेकरूने घर रिकामे करून द्यावे. पोटभाडेकरूने मूळ करार वाचला आहे.'

खाली तिघांच्या सह्या, तारीख आणि तिघांचे चालू फोन नंबर. घराचे फोटो याच कागदाला जोडा. मूळ प्रत तुमच्याकडे ठेवा, एकेक छायाप्रत त्या दोघांना द्या, आणि किल्ली सह्या झाल्यावरच हातात जाऊ द्या.